आदर ‘देत’ नाहीत, देतात तो मान

प्रश्न: अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनच्या १९६७ सालच्या ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ या अल्बमचं रसग्रहण मराठीत लिहितो आहे. पहिलंच गाणं ‘रिस्पेक्ट’. याला आदर म्हणू, सन्मान म्हणू की इज्जत? ‘मला आदर दे’ असं भाषांतर चालेल का? आणि ‘सोल म्युझिक’ या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराला आत्मसंगीत म्हणावं का?

उत्तर: ‘आदर दे’ चालणार नाही. शाळेच्या भिंतींपासून कार्यक्रमांच्या निवेदकांपर्यंत सगळीकडे ‘मोठ्यांना आदर द्या’ ऐकून कान किटलेत. आदर वाटतो, असतो, बाळगतात, फार तर करतात. देतात तो मान. इंग्रजीतून ‘गिव्ह’ उचललं आणि दिसेल त्या नामाला चिकटवलं, असा हा प्रकार. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘मी त्यांची खूप रिस्पेक्ट करतो’. शब्द इंग्रजीचा, लिंग हिंदीचं, मराठीने फक्त क्रियापद पुरवायचं.

आदर मनात असतो आणि तोंडातून शब्द न काढताही असू शकतो. मान मात्र चारचौघांत, कृतीने द्यावा लागतो. पंगतीत आधी कुणाला बसवलं, लग्नात मानाची साडी कुणाला नेसवली, पत्रिकेवर कुणाचं नाव वर घातलं. सोयरीकी फिसकटतात त्या मानपान चुकल्यामुळे. ‘आमच्याविषयी पुरेसा आदर वाटला नाही’ म्हणून मांडवातून उठून गेलेला मामा कुणी पाहिलाय? अरीथाच्या गाण्यातली बाई हेच मागते आहे. नवरा मनातून तिच्याविषयी काय बाळगून आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. घरी आलास की माझ्याशी नीट वाग, एवढं तिचं म्हणणं. तेव्हा ‘मान’ लिहा. सन्मान म्हटलं की शाल-श्रीफळ आलंच, आणि इज्जत मराठीत बहुधा जाण्यापुरतीच येते. दोन्ही बाद.

आता खरी गंमत या ‘मान’मध्येच आहे. ताठ मान आणि मानाचा फेटा हे एकाच शब्दातून आले, असं एक गोड निरूपण वर्षानुवर्षं फिरतं आहे. मान मिळाला की माणसाची मान ताठ होते, म्हणून दोन्ही एकच! अहो, मग ‘ती मान’ आणि ‘तो मान’ असा लिंगभेद कुठून आला? डोकं पेलणारी मान संस्कृत ‘मन्या’पासून आली. लॅटिनमध्ये गळ्यातल्या दागिन्याला ‘मोनीले’ म्हणतात, इंग्रजीत घोड्याच्या आयाळीला ‘मेन’. हे तिचे दूरचे भाऊबंद. (‘त्या मानाने बरं आहे’ यातला मान तिसराच, तो मोजण्याच्या ‘मा’ धातूचा.) निरूपणकारांनी कोश उघडण्याचे कष्ट घेतले असते तर एवढं पाल्हाळ वाचलं असतं.

मानपानातला मान ‘मान पूजायाम्’ या धातूचा. आणि याच धातूपासून, पाणिनीच्या ‘मान्बधदान्शान्भ्यो दीर्घश्चाभ्यासस्य’ या सूत्राने, ‘मीमांसा’ हा शब्द सिद्ध होतो! म्हणजे मांडवात रुसलेला मामा आणि मीमांसासूत्रं रचणारे जैमिनी मुनी एकाच धातूवर बसलेले आहेत. टीकाकार वर बजावतात की हे रूप जिज्ञासेच्या अर्थी होतं. मूळ अर्थ पूजेचा, आणि त्यातून निघालेली क्रिया जाणून घेण्याची. समोरच्याला मान द्यायचा म्हणजे त्याची मीमांसा करायची, त्याला गृहीत धरायचं नाही.

संस्कृत-इंग्रजी कोशवाल्या मोनिअर-विल्यम्स साहेबांनी मीमांसेला ‘मन्’ म्हणजे विचार करणे या धातूखाली नेऊन ठेवलं, आणि त्यांच्यामागे पुढच्यांची रांग लागली. मला हे कधीच पटलेलं नाही. पाणिनीला ‘मन्’ ठाऊक नव्हता की काय? त्याने ‘मान्’ असा वेगळा धातू सूत्रात घातला तो उगीच? यावर भाषाशास्त्री म्हणतात की ‘मान्’ हा शेवटी ‘मन्’चाच विस्तार. असेना का! मग तर मान आणि मनन हीसुद्धा सख्खी भावंडं ठरतात, आणि माझं म्हणणं आणखीच पक्कं होतं. उलट ‘आदर’चं मूळ शोधायला धातुपाठाकडे, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीकडे जा, तो सांगतो ‘दृङ् आदरे’. आदर म्हणजे काय, तर आदर. बसा.

तिकडे ‘रिस्पेक्ट’ निघाला लॅटिनच्या ‘रेस्पिकेरे’तून: ‘रे’ म्हणजे पुन्हा किंवा मागे, ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. वळून पाहणे. हा ‘स्पेक्’ म्हणजे आपला ‘स्पश्’, ज्यातून हेराला ‘स्पश’ म्हणतात आणि ज्यातून ‘स्पष्ट’ आला. ‘पश्यति’ही त्याच घरातला. एका भाषेने पुन्हा पाहायला सांगितलं, दुसरीने पुन्हा विचार करायला. ‘मान’च का, याला याहून भक्कम कारण मला तरी नको.

आता रेकॉर्ड लावा आणि मागच्या बाजूला गाणाऱ्या बायकांकडे कान द्या. त्यात अरीथाच्या बहिणी अर्मा आणि कॅरोलिन आहेत. एका जागी त्या ‘रे, रे, रे, रे’ असा नुसता पहिला तुकडाच घोळवत बसतात. जाणकार सांगतात की हे अरीथाचं घरातलं लाडकं नाव. असू दे. मला त्यात लॅटिन उपसर्ग ऐकू येतो: पुन्हा बघ, पुन्हा बघ. आणि मराठी कानाला तर तो ‘ऐक रे’मधला, घरच्या पुरुषाला हक्काने हाक मारणारा ‘रे’च वाटतो. योगायोग आहे हे मलाही कळतं, पण एकदा ऐकलात की कानातून जायचा नाही.

हे गाणं मूळचं ओटिस रेडिंग या गायकाचं, १९६५ सालचं. त्यात कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडून मान मागतो. अरीथाने बोलणारी बाई केली आणि सगळा डाव उलटला. अक्षरं सुटी सुटी करून गाण्याची युक्तीही तिच्याच आवृत्तीतली, ओटिसच्या गाण्यात ती नाही. तुमची भाषांतराची अडचण खरी इथे आहे. इंग्रजीत सात अक्षरं मोजून, ठासून म्हणता येतात. आपण काय म्हणणार, ‘म ला काना मा, न’? पहिलीचा वर्ग भरल्यासारखं वाटेल. तेवढा भाग देवनागरीत ‘आर-ई-एस-पी-ई-सी-टी’ असाच ठेवा.

रसग्रहणात बाकी काय लिहायचं ते तुम्ही जाणता. पण नुसत्या ‘रिस्पेक्ट’वर थांबू नका. अल्बमच्या नावाचं गाणं जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत झालं. स्पूनर ओल्डहॅमने इलेक्ट्रिक पियानोवर एक अडखळती सुरावट धरली आणि अरीथा स्वतः पियानोवर बसली. त्याच दिवशी दारूच्या भरात तिच्या नवऱ्याची आणि एका वादकाची जुंपली, नवरा-बायको तिथून निघून गेले, आणि उरलेलं काम निर्माता जेरी वेक्सलरला न्यूयॉर्कमध्ये करावं लागलं. ‘रिस्पेक्ट’ तिथलं, १४ फेब्रुवारीचं. अकरा गाण्यांपैकी दोन सॅम कुक या गायकाची आहेत. तो १९६४ च्या डिसेंबरात गेला होता. शेवटचं ‘अ चेंज इज गॉना कम’ सुरू करण्याआधी अरीथा स्वतःच्या पदरची ओळ घालते: एका जुन्या मित्राकडून ऐकलेलं सांगते आहे, अशा अर्थाची. मान देतात तो असा.

‘सोल’चं राहिलंच. आत्मसंगीत म्हणू नका, लोक भजनाला आल्यासारखे मांडी घालून बसतील. ‘सोल’च ठेवा, बुटाच्या सोलची शंका वाक्यात कुणाला येत नाही. हवं तर एक ओळ जोडा: कृष्णवर्णीयांच्या खपणाऱ्या रेकॉर्डच्या यादीला ‘बिलबोर्ड’ हे अमेरिकन संगीत-साप्ताहिक आधी ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत असे. १९४९ मध्ये ते नाव जाऊन ‘रिदम अँड ब्लूज’ आलं. ते सुचवणारा तेव्हा तिथे नोकरीला असलेला तरुण म्हणजे हाच जेरी वेक्सलर. त्याच यादीच्या डोक्यावर ‘सोल’ हा शब्द चढला तो १९६९ मध्ये, म्हणजे तुमचा अल्बम येऊन दोन वर्षं झाल्यावर.