पैसे भरून संशोधन गटाचं सभासदत्व घ्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. तिला गुरुत्वीय लहरींच्या संशोधनात जायचंय. व्हॉट्सॲपवर तिला एका 'आंतरराष्ट्रीय संशोधन नेटवर्क'ची जाहिरात आली आहे. साडेचार हजार भरले की सभासदत्व, प्रमाणपत्र आणि वर्षभरात एका शोधनिबंधावर नाव. भरावेत का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, भरू नका. पैसे देऊन निबंधावर लागलेलं नाव पुढे मुलाखतीत अंगलट येतं. 'यात तुम्ही नेमकं काय केलंत?' या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसेल.

आय.ए.पी.टी.सारख्या भौतिकशास्त्राच्या संघटना वर्गणी घेऊन सभासद करतात, त्यात गैर काही नाही. पण संघटना वेगळी आणि संशोधन गट वेगळा. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या प्रयोगाच्या जागतिक गटात एकट्यादुकट्याला शिरता येत नाही. आधी संस्थेचा गट सामील होतो, कोणतं काम उचलणार ते लेखी देतो, आणि विद्यार्थी त्या गटातल्या मार्गदर्शकामार्फत आत येतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या ॲटलास प्रयोगात तर लेखकांच्या यादीत येण्याआधी साधारण वर्षभरात किमान 80 दिवसांचं तांत्रिक काम करून दाखवावं लागतं. खर्चाचा वाटा असलाच तर तो संस्था उचलते. विद्यार्थ्याच्या खिशातून कोणी मागत नाही.

मग तिने आत्ता काय करायचं? लायगोची मोजमापं सगळ्यांसाठी खुली आहेत, फुकट. त्यातली गुरुत्वीय लहरींची 14 सप्टेंबर 2015 ची पहिली नोंद घ्यावी. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन या दोन्ही केंद्रांची 32 सेकंदांची, सेकंदाला 4,096 नमुन्यांची फाईल उतरवून घ्यावी. साधा लॅपटॉप आणि पायथन ही संगणकभाषा पुरे. आलेख काढला की पहिल्यांदा काहीच दिसणार नाही, आणि बरीच मुलं इथेच सोडून देतात. कारण एवढंच की जमिनीच्या हादऱ्यांचा कमी वारंवारतेचा गोंगाट खऱ्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो. आधी व्हाइटनिंग करून सगळ्या वारंवारतांचा गोंगाट एका पातळीवर आणायचा, मग फिल्टर लावून साधारण 35 ते 350 हर्ट्झचा पट्टा ठेवायचा.

दुसरी चूक हमखास होते : घटनेभोवतीचा एखादाच सेकंद कापून त्यावर फिल्टर लावतात. तुकड्याच्या कडांना खोट्या लाटा उठतात आणि त्याच संकेत वाटतात. पूर्ण 32 सेकंदांवर फिल्टर लावावा, दोन्ही टोकं टाकून द्यावीत आणि मगच मधला 0.2 सेकंदाचा भाग पाहावा. लिव्हिंगस्टनला संकेत आधी पोचला, हॅनफर्डला सुमारे 7 मिलिसेकंदांनी. हॅनफर्डचा आलेख तेवढा मागे सरकवून उलटा केला आणि तो दुसऱ्यावर बसला, तर काम जमलं. हे तिने स्वतः केलेलं असेल, तर साडेचार हजारांच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याला कितीतरी जास्त वजन आहे.

आता माणसं. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था कॉलेज-विद्यापीठांतल्या शिक्षकांना सहयोगी म्हणून घेते. तिच्या कॉलेजात किंवा अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात असे कोणी आहेत का, ते आधी विचारावं. गटापर्यंतची सगळ्यात जवळची वाट तीच. आयुका लायगो-इंडिया या लायगोच्या भारतातल्या केंद्राच्या प्रकल्पातही भागीदार आहे. हा प्रकल्प हिंगोली जिल्ह्यात उभा राहतोय, केंद्राची मंजुरी एप्रिल 2023 मध्ये मिळाली. आयुकातलं जाहीर व्याख्यान दुपारचं असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री घरी येता येतं.

परीक्षांचं थोडक्यात : जानेवारीत आय.ए.पी.टी.ची एन.जी.पी.ई. ही पदवीच्या विद्यार्थ्यांची भौतिकशास्त्राची परीक्षा द्यावी, आणि तिसऱ्या वर्षाला एमएस्सी प्रवेशाची जॅम. चांगल्या ठिकाणी एमएस्सी मिळाली की गट आपोआप जवळ येतात.

शास्त्रज्ञांना ईमेल करताना 'मला आपल्या नेटवर्कचं सभासद करा' असं लिहू नये. अशी पत्रं बहुधा न वाचताच बाजूला पडतात. त्यांचा एखादा निबंध वाचून, आपला आलेख जोडून, पाच-सहा ओळींत अडलेला एकच प्रश्न विचारावा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करावी, आणि मग पुढच्या गटाला लिहावं.