"चोरीला काय गेलं?" म्हणून परत पाठवलं, तर हे करा

मालक, तुमची पोस्ट वाचली आणि आमचेच दिवस डोळ्यांपुढे आले. रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, सर्व्हर लॉक, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी, आणि पोलिसांत तक्रार घ्यायला कुणी तयार नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना, आम्हीही यातून गेलोय. बॅकअप, पासवर्ड वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते पोलिसांचं एक कार्यालय. साहेबांनी स्क्रीनचा फोटो बघितला आणि म्हणाले, "फाइली तर जागेवरच दिसतायत, मग चोरीला काय गेलं?" अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. वर सल्ला, फॉरमॅट मारा आणि काम चालू करा. विमा कंपनीला मात्र एफआयआरची प्रत हवी. दावा तिथेच अडकला. आजही संताप येतो, कारण उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 43(एफ): अधिकार असलेल्या माणसाची संगणकातली वाट अडवणं. ते लबाडीने केलं की कलम 66, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरी व्हावीच लागत नाही. अर्जात ही कलमं घालाच. कलम 78 प्रमाणे या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक (पीआय) किंवा वरचा अधिकारीच करतो, म्हणून टेबलावर हुज्जत न घालता थेट पीआयना भेटा. तरी नोंद नाही झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली वरिष्ठांना पोस्टाने अर्ज: शहर हद्दीत आयुक्तालय, चिंचोळीकडे असाल तर ग्रामीणचे अधीक्षक. पोस्टाची पावती जपा.

सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवणं वेगळं, ते एफआयआरच्या जागी चालत नाही. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं, 180 दिवसांचे लॉग (संगणकात आपोआप होणाऱ्या नोंदी) ठेवायचे. हे प्रोप्रायटरशिपलाही लागू आहे. मुदत उलटली असली तरी आजच मेल करा. बँकेला आणि पंचवीस मागांच्या कारखानदाराला एकच घड्याळ लावायचं आणि एमआयडीसीत येऊन कुणी सांगायचं नाही, हा माझ्या मते अन्याय आहे.

मी वकील नाही, कागद वकिलाला दाखवा. 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर खात्यातून पैसे गेले असतील तरच.

मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा, काम नव्या डिस्कवर. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही जातींच्या रॅन्समवेअरच्या, फाइली उघडणाऱ्या चाव्या फुकट मिळतात. आज तुमची नसली तरी पुढे येऊ शकते. लॉक झालेल्या फाइलींच्या नावाच्या शेवटी काय जोडलंय ते इथे लिहा, बघून सांगतो.