कम्युनिटी कौन्सिल: उभं राहावं का?

तुम्ही लिहिलंय की एडिनबरोत येऊन दीड वर्ष झालं, दारात कम्युनिटी कौन्सिलच्या, म्हणजे भागातल्या रहिवाशांचं मत मांडणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीचं पत्रक पडलंय, व्हिसावर असताना उभं राहता येतं का आणि त्यात काही दम असतो का. मी सहा वर्षं आमच्या भागातल्या कौन्सिलवर आहे, त्यातली दोन सेक्रेटरीपदात गेली. उत्तर जरा लांबेल.

आधी व्हिसाचं. भारतीय म्हणजे कॉमनवेल्थचे नागरिक. इथे राहायची वैध परवानगी असली की मतदार यादीत नाव घालता येतं. ते नाव त्या कम्युनिटी कौन्सिलच्या हद्दीतल्या पत्त्यावर असलं की साधारणपणे उभं राहता येतं. नेमके नियम सिटी कौन्सिलच्या (म्हणजे महापालिकेच्या) 'स्कीम' नावाच्या नियमावलीत असतात, ती एकदा वाचा. प्रचाराची धास्ती नको. जागांइतकेही अर्ज येत नाहीत, आम्ही सगळे बिनविरोधच आलोय.

नावात कौन्सिल असलं तरी ही ग्रामपंचायत नव्हे. घरपट्टी नाही, मानधन नाही, कर लावायचा अधिकार नाही. (वेल्समध्ये याच नावाच्या संस्थांना तो आहे, म्हणून नेटवर वाचताना घोळ होतो.) स्कॉटलंडमध्ये 1973 च्या कायद्याने यांना काम दिलं ते एवढंच: रहिवाशांचं मत जाणून घ्यायचं, त्याची मोट बांधायची आणि अधिकाऱ्यांपुढे मांडायचं. 1975 मध्ये छोट्या शहरांच्या जुन्या नगरपालिका मोडीत निघाल्या, कारभार लांब गेला, त्यावरची ही सोय. अनुदान मिळतं, पण ते हॉलचं भाडं आणि झेरॉक्समध्येच संपतं.

खरा जोर बांधकाम परवानग्यांत. 1996 पासून आमचं मत विचारात घेणं नियमानेच आलं. अर्जांची यादी दर आठवड्याला येते. मोठा प्रकल्प असेल तर बिल्डरला अर्जाच्या किमान 12 आठवडे आधी आम्हालाही नोटीस द्यावी लागते. पबच्या दारू परवान्याचा अर्जही आमच्याकडे कळवतात.

आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं गॅरेज पाडून पाच मजली फ्लॅट येणार होते. एरवी बैठकीला आम्ही नऊ जण आणि बिस्किटांचा डबा. त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या पुरेनात. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, 'खिडकीतून टेकडी दिसणार नाही.' आता टेकडी दिसणं किंवा घराची किंमत उतरणं हे मुद्दे प्लॅनिंगमध्ये धरतच नाहीत. तशी पन्नास पत्रं गेली तरी पन्नास शून्यं. आम्ही समोरच्या तळमजल्यांवर पडणारी सावली आणि कचऱ्याच्या गाडीला वळायला नसलेली जागा, हे दोनच मुद्दे नकाशासकट लावून धरले. एक मजला कमी झाला. इमारत झालीच, आणि काही शेजारी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पण प्रतिनिधित्व म्हणाल, तर तिथे आम्ही उघडे पडलो ते सायकल लेनच्या वेळी. 'रहिवाशांचा विरोध आहे' असं पत्र मीच लिहिलं होतं. सुनावणीत एका नगरसेविकेने शांतपणे विचारलं, किती जणांना विचारलंत? बैठकीला आलेल्या चौदा जणांना. बहुतेक निवृत्त, स्वतःच्या घरात राहणारे, दारात गाडी असलेले. भाड्याने राहणारी पोरं, रात्रपाळीच्या नर्सा, तुमच्यासारखे आयटीवाले, यातलं एकही माणूस नाही. काय बोलणार?

तेव्हापासून महिन्यातून एका शनिवारी आम्ही बसस्टॉपवर पॅड-पेन घेऊन उभे राहतो. पत्रात किती जणांना विचारलं, किती बाजूने, किती विरोधात, ते आकडे जातात. मत दुभंगलेलं असेल तर तसंच लिहितो. त्या खटाटोपाला भाड्याने राहणारा, चाळिशीच्या आतला माणूस आम्हाला हवाच असतो, म्हणून तुम्ही उभे राहा असंच सांगेन.

तारीख हुकली तरी हरकत नाही, रिकाम्या जागांवर मधूनही घेतात. आधी एका बैठकीला नुसते येऊन बसा, ती सगळ्यांना खुली असते. स्वेटर आणा, हॉलचा हीटर नावालाच आहे. आणि पहिल्याच दिवशी कुणी गोड बोलून मिनिट्स (बैठकीचं टिपण) लिहायला सांगितलं, तर नाही म्हणा. मी हो म्हटलं होतं.