पहिला चिरा काढण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सड्यावरच्या, त्या उघड्या कातळपठारावरच्या तुमच्या जागेत चिरेखाण काढायची, म्हणजे जांभा दगडाचे चिरे कापून विकायचे म्हणतोस. आंब्याचा भरवसा राहिला नाही, धाकट्याचं शिक्षण आहे, हे सगळं मला पटतं. मी स्वतः 22 वर्षं जांभा कापून घर चालवलं, तेव्हा तुला नको म्हणायचा अधिकार मला नाही. सांगायचं ते एवढंच, की ही खाण बंद कशी करणार ते आधी ठरव आणि मगच मशीन सड्यावर चढव. मी ते ठरवलं नव्हतं.

माझ्या दुसऱ्या खाणीतला दगड संपला, मशीन उचलली, गडी गावाला गेले, खड्डा तसाच राहिला. मशीनने कापलेली भिंत तू पाहिली आहेस. ओळंब्यात उभी, पात्याच्या रेघा सोडल्या तर बोट अडकवायला जागा नाही. श्रावणात खड्डा तुडुंब भरला आणि खालच्या वाडीतली एक म्हैस त्यात पडली. म्हशीला पोहता येतं रे. ती कितीतरी वेळ कडेकडेने पोहत राहिली, पण बाहेर यायला वाटच नव्हती. आम्ही दोर घेऊन पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मालकिणीला पैसे दिले, तिने मोजून घेतले. तिचा नातू त्याच वाटेने शाळेत जायचा. मग मी उरलेले सगळे पैसे घालून त्या खड्ड्याभोवती दगड रचून गडगा घातला, पण ते आधी करायचं काम होतं.

म्हणून ट्रक उतरायचा उतार शेवटपर्यंत राख. खाण संपत आली की उताराखालचे चिरेही काढून घ्यायचा मोह होतो, सगळेच काढतात. तू काढू नकोस. बाकीच्या तीन बाजूंना खाणीतल्याच तुकड्यांचा गडगा घाल, त्याला वेगळा खर्च नाही. वरची माती खरवडशील ती कडेवरून खाली ढकलू नकोस. पावसात ती पऱ्या-ओहोळातून थेट लोकांच्या भातखाचरात जाते. एका बाजूला रचून ठेव. कातळात सुरुंग लावून, बाहेरून माती आणून कलमं लावणारी आपली माणसं आहेत. तुझ्याकडे खड्डाही असेल आणि मातीही. चुरा तळाला, माती वर, की काजू लागतो.

तू लिहिलंस की कातळ नुसता पडून आहे. हे मात्र मला मान्य नाही. जांभा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात सडा पाणी पितो आणि तेच पाणी पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना येतं. चिरा संपून खाली चिकणमाती लागली की थांब. खड्ड्यात साठलेलं पाणी पंपाने उपसून आणखी खाली जाशील, तर मे महिन्यात खालच्या वाडीला टँकर लागेल आणि त्यांना कारण कळणारही नाही.

आणि मशीन लावण्याआधी गावातल्या जुन्या गुराख्यांना घेऊन सगळी जागा फिर. आपल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत, कशेळीचा हत्ती तर तू पाहिलाच आहेस. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कित्येक अजून पातळ मातीखाली असतील. पात्याला काय कळणार?

कागदपत्रांत आळस नको. जागा लहान आहे म्हणून पर्यावरण परवानगी लागत नाही असं कोणी सांगेल, ऐकू नकोस. 5 हेक्टरच्या आतल्या, जांभ्यासारख्या गौण खनिजाच्या खाणींनाही ती लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितलं. जितके ब्रास दगड काढशील तितक्यांचं स्वामित्वधन (सरकारची रॉयल्टी) भर. चोरून काढलेल्या मालावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. पण भीतीपोटी नव्हे, हक्कासाठी भर. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाल्यांकडून जमणारा तो पैसा खाणीने बाधित गावांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शाळेसाठी आहे. वाहतुकीच्या पासाशिवाय गेलेल्या ट्रकमागे गावाचा वाटा बुडतो. ग्रामसभेत उभा राहून विहिरीचा गाळ, शाळेची खोली असे ठराव करून घे आणि ते जिल्ह्याला पाठव. खाणवाल्यानेच हे मागितलं तर गाव त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतं.

आता गडी. विजापूरकडची कुटुंबं दिवाळीनंतर येतील, खड्ड्याच्या काठावर ताडपत्री बांधतील. झोपड्या काठापासून लांब बांधायला लाव, संडास बांध, प्यायचं पाणी दे. मजुरी मुकादमाच्या हातात न देता ज्याची त्याला दे, बाईची बाईला. खड्डा 6 मीटरच्या खाली गेला, सुरुंग लावलास किंवा एका दिवशी 50 च्या वर माणसं लावलीस, तर खाणकामगारांच्या सुरक्षेचा कायदा पूर्ण लागू होतो, तोंडी समजुतीवर भागत नाही. 18 वर्षांखालचं कोणीही कामावर नको, हे खोलीवर अवलंबून ठेवू नकोस. मुलांना घेऊन स्वतः शाळेत जा. गुरुजींना कानडी येत नसेल, मुलांना मराठी येत नसेल, पण पोरं दोन महिन्यांत बोलायला लागतात, हे मी पाहिलं आहे.

पात्यावर पाण्याची धार कायम ठेव. तोंडाला बांधलेल्या फडक्यातून बारीक धूळ आत जातेच, चांगले मास्क आण. डिसेंबरपासून मोहोर येतो तेव्हा ट्रकच्या वाटेवर रोज पाणी मार. लाल धूळ बसलेला मोहोर घेऊन शेजारी तुझ्या दारात आला, तर त्याला उत्तर देता येणार नाही.

पुढच्या रविवारी ये. येताना लांब दोरी आणि मोजपट्टी आण. खालच्या वाडीत सात विहिरी आहेत, त्यांचं आजचं पाणी वाडीतल्या माणसांसमोर मोजून वहीत लिहू आणि त्यांच्या सह्या घेऊ. जेवायला इथेच थांब.

तुझा,
काका