मीटलोफ आणि मॅश्ड पोटॅटोबरोबरची ब्राऊन ग्रेव्ही नीट का जमत नाही? फिकट होते, गुठळ्या होतात, वर तेल तरंगतं

तुमची तक्रार अशी आहे की मीटलोफच्या (ओव्हनमध्ये भाजलेल्या खिम्याच्या लांबट वडीच्या) ट्रेमध्ये सुटलेल्या रसात मैदा घालून ग्रेव्ही केली की ती फिकट आणि पिठूळ होते, गुठळ्या राहतात आणि वर तुपकट तवंग येतो. माझ्या मते तुमच्या हातात दोष नाही, सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते आहे. मीटलोफची ग्रेव्ही ट्रेमध्ये करायची नसते. ती वेगळ्या पातेल्यात पूर्ण करायची आणि ट्रेतला रस शेवटी फक्त चवीपुरता घालायचा.

आख्खी टर्की किंवा बीफचा मोठा तुकडा भाजला की ट्रेच्या तळाला तपकिरी खरवड धरते आणि तिच्यावर ग्रेव्हीची सगळी चव उभी राहते. मीटलोफ असतो खिम्याचा, आणि त्यात दूध, अंडं, ब्रेडक्रंब असतात. मांसाचा रस धरून ठेवणं हेच ब्रेडक्रंबचं काम असल्यामुळे बाहेर येते ती मुख्यतः चरबी आणि पांढरट साकळलेलं प्रथिन. खोल लोफ टिनमध्ये भाजलात तर हा रस कडेने कोंडतो, मांस त्यातच उकडतं आणि खरवड जवळजवळ धरतच नाही. त्यामुळे ग्रेव्ही करायची असेल तेव्हा मीटलोफ टिनमध्ये न भरता, हाताने लांबट आकार देऊन काठ असलेल्या सपाट ट्रेवर ठेवा. 900 ग्रॅम खिम्याच्या लोफला 175 अंश सेल्सिअसवर साधारण एक तास लागतो. आतलं तापमान बीफसाठी 71 अंश आणि चिकन किंवा टर्कीसाठी 74 अंश झालं पाहिजे.

वरून केचप आणि ब्राऊन शुगरचा थर देणार असाल तर ग्रेव्हीचा नाद सोडा. साखर ट्रेवर जळून कडू होते, आणि ताटातही तो आंबटगोड थर ग्रेव्हीशी भांडतो. दोन्हींपैकी एकच निवडा.

आता ग्रेव्ही. चार-पाच जणांसाठी साधारण अर्धा लिटर होते. बिनमिठाचं लोणी 60 ग्रॅम, मध्यम कांदा एक, मैदा 40 ग्रॅम (म्हणजे 15 मिलीच्या चमच्याने सपाट 5 चमचे), कमी मिठाचा बीफ किंवा चिकन स्टॉक (हाडं-मांस उकळून गाळलेलं पाणी) 600 मिली, वूस्टरशर सॉस (बाटलीत मिळणारा आंबट-खारट पातळ सॉस) 2 छोटे चमचे, सोया सॉस 1 छोटा चमचा, ताजी कुटलेली मिरी, चिमूटभर सुका थाइम (एक सुगंधी पाला). भारतात मिळणारं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. ते वापरलंत तर मीठ अगदी शेवटी चाखून घाला, किंवा बटरऐवजी थोडं कमी तूप घ्या. स्टॉकचे क्यूब वापरणार असाल तर पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मेच घ्या, कारण ग्रेव्ही आटते तसा खारटपणा वाढत जातो.

जाड बुडाच्या पातेल्यात 15 ग्रॅम लोण्यावर बारीक चिरलेला कांदा मंद ते मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता. पारदर्शक होऊन थांबू नका, चांगला तपकिरी होऊ द्या. तळाला धरायला लागला की चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घ्या. ती खरवड वाया घालवायची नाही. मग कांदा काढून ठेवा. कांद्यातच मैदा भाजायला गेलात तर मैदा तपकिरी होईपर्यंत कांदा करपतो.

त्याच पातेल्यात उरलेलं 45 ग्रॅम लोणी वितळवा. फेस ओसरला की सगळा मैदा एकदम घालून मंद आचेवर सतत हलवा. सगळ्यात जास्त घाई इथेच होते. दोन मिनिटांत मैद्याचा कच्चा वास जातो, पण रंग आणि खमंगपणा यायला सहा ते आठ मिनिटं लागतात. बदामी रंग आला आणि भाजल्याचा खरपूस वास सुटला की थांबा. काळे ठिपके दिसले तर तो सगळा मैदा टाकून पुन्हा करा, तो कडूपणा कशानेही झाकला जात नाही. मैदा जितका जास्त भाजाल तितकी त्याची दाट करण्याची ताकद कमी होते, कारण कोरड्या उष्णतेने स्टार्चच्या लांब साखळ्या तुटतात. पांढऱ्या सॉसपेक्षा इथे मैदा जरा जास्त घेतला आहे तो त्यासाठीच.

कोमट स्टॉक एकदम ओतू नका. आधी साधारण 100 मिली घाला आणि तारेच्या व्हिस्कने जोरात फेटा. लगेच घट्ट गोळा होईल, तो तसाच व्हायला हवा. तो गुळगुळीत झाला की आणखी 100 मिली, आणि मग उरलेला धारेने. पिठल्यात उकळत्या पाण्यावर कोरडं बेसन भुरभुरवलं की जशा गुठळ्या होतात, तसंच इथेही होतं: पिठाच्या कणांचा बाहेरचा थर गरम पाण्याने फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकून राहतं. लोण्यात भाजताना प्रत्येक कणाला चरबीचं आवरण मिळतं, त्यामुळे कण सुटे राहतात.

सगळा स्टॉक गेला की कांदा परत घाला, उकळी आणा आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. उकळी येणं गरजेचं आहे. त्याआधी दाटपणाचा अंदाज घेऊ नका, कारण गव्हाचा स्टार्च उकळीच्या जवळ पोहोचल्यावरच पूर्ण फुगतो. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही, की झाली. पातेल्यात हवी त्यापेक्षा किंचित पातळच उतरवा. ताटात येईपर्यंत ती दाट होते, आणि मॅश्ड पोटॅटोच्या मधल्या खळग्यात नीट बसते.

मीटलोफ ओव्हनमधून काढल्यावर तसाही दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा असतो. तेवढ्यात तो ताटात हलवून ट्रेतला रस उंच काचेच्या पेल्यात ओता. चरबी वर येईल, ती काढून टाका. ट्रेच्या तळाला काही तपकिरी धरलं असेल तर अर्धी वाटी कढत पाणी घालून लाकडी चमच्याने सोडवा. हे पाणी आणि पेल्यातला खालचा रस बारीक गाळणीतून गाळून ग्रेव्हीत घाला आणि दोन मिनिटं उकळा. आता वूस्टरशर, सोया सॉस, थाइम, मिरी. मीठ सगळ्यात शेवटी. चव सपाट वाटली तर आधी मीठ वाढवू नका, व्हिनेगरचे तीन-चार थेंब घालून पाहा. आलं-लसूण, हळद, गरम मसाला यांपैकी काहीही घालू नये असं माझं ठाम मत आहे. भाजलेल्या मैद्याची आणि कांद्याची चव त्याखाली पार दबून जाते.

तरी बिघडलीच तर? गुठळ्या असतील तर गाळून घ्या, फेटत बसून त्या मोडत नाहीत. पातळ राहिली तर वरून कोरडा मैदा कधीच भुरभुरवू नका. 1 मोठा चमचा कॉर्नस्टार्च 2 चमचे गार पाण्यात कालवून, उकळत्या ग्रेव्हीत थोडा थोडा घाला आणि एक मिनिट उकळा. (आपल्याकडे दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून पांढरी पूड मिळते तीच ही. अमेरिकेत त्या नावाखाली मक्याचं पिवळसर पीठ हातात पडू शकतं, ते चालत नाही.) कॉर्नस्टार्च घातल्यावर मात्र फार वेळ खळखळा उकळू नका, पुन्हा पातळ होते. तेल वेगळं दिसत असेल तर चरबी मैद्याच्या मानाने जास्त झाली आहे: पळीने काढा आणि दोन चमचे कढत स्टॉक घालून जोरात फेटा. खारट झाली तर बटाट्याची फोड टाकण्याचा उपाय फारसा कामाचा नाही, ती फोड खारट पाणीच शोषते आणि उरलेलं तितकंच खारट राहतं. बिनमिठाचा स्टॉक वाढवा, थोडा कॉर्नस्टार्च घाला आणि मॅश्ड पोटॅटोत मीठ कमी टाका.

बीफ खात नसाल तर मटणाचा खिमा चालतो, पण त्याची चरबी थंड झाली की तोंडात थिजते, म्हणून ती सगळी काढा. चिकन किंवा टर्कीच्या लोफमधून रस फार कमी सुटतो. तेव्हा कांद्याबरोबर 150 ग्रॅम बटण मशरूम बारीक चिरून, पाणी आटून तपकिरी होईपर्यंत परता. मांसाची उणीव बरीचशी भरून निघते. पूर्ण शाकाहारी करायची असेल तर भाज्यांचा स्टॉक घ्या आणि वूस्टरशर वगळा, कारण त्यात सहसा अँकोव्ही मासे असतात.

आधी करून ठेवणार असाल तर वर साय धरू नये म्हणून बटर पेपर थेट ग्रेव्हीच्या पृष्ठभागाला चिकटवून झाका. फ्रीजमध्ये 3-4 दिवस टिकते. गार झाल्यावर ती घट्ट थिजते. गरम करताना चार-पाच चमचे पाणी किंवा स्टॉक घालून मंद आचेवर फेटत पूर्ण उकळी आणा.