महामारीत यकृताची ओपीडी बंद असेल, तर हिपॅटायटिस बी किंवा सीचे उपचार काही महिने थांबवले तर चालते का? आणि अशा वेळी उपचार मिळवायचे कसे?

हिपॅटायटिस सीबद्दल शेवटी थोडे लिहिते. बीबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे: तपासणी काही आठवडे पुढे ढकलता येते, गोळी ढकलता येत नाही. हा फरक २०२० मध्ये आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हता, कारण माझ्या थोरल्या भावाला हिपॅटायटिस बी आहे हेच आम्हांला माहीत नव्हते.

दादा सहा वर्षांपासून रोज टेनोफोविरची, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या औषधाची, एक गोळी घेत होता आणि ती रक्तदाबाची आहे असे आम्हांला सांगत होता. तो ज्या रुग्णालयात जात असे, तेथील यकृतविकारांची ओपीडी मार्चअखेरीस बंद झाली, तो मजला कोविडच्या रुग्णांसाठी घेण्यात आला, आणि दूरध्वनी केल्यावर त्याला उत्तर मिळाले की ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांचे काम तातडीचे नाही, नवी तारीख आम्ही कळवू. ती कोणी कळवली नाही. जवळच्या चिठ्ठीची मुदत संपली होती आणि औषधविक्रेता नवी चिठ्ठी मागत होता. मागच्या तपासणीत व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) सापडला नव्हता, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एसजीपीटीही मर्यादेत होते, तेव्हा आजार जवळजवळ गेलाच आहे अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि गोळ्या संपल्यावर तो गप्प बसला.

येथेच बहुतेकांची चूक होते. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर विषाणूची नवी पैदास रोखते, पण यकृताच्या पेशींच्या केंद्रकात दडून बसलेला त्याचा डीएनए तसाच राहतो. गोळी थांबली की तो पुन्हा कामाला लागतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते तेव्हा नुकसान यकृताचेच होते. टेनोफोविर थांबवल्यावर विषाणू काही आठवड्यांतच रक्तात पुन्हा दिसू शकतो.

दादाला अकराव्या आठवड्यात थकवा आला आणि त्याची अन्नावरची वासना उडाली. त्या दिवसांत अशा लक्षणांचा एकच अर्थ लावला जात असे. त्याचा स्वॅब दोनदा घेतला, अहवालांची वाट पाहण्यात पाच दिवस गेले, दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले, आणि तोपर्यंत त्याचे डोळे पिवळे झाले होते. पहिल्या रुग्णालयाच्या दारात आम्हांला तिसरा अहवाल मागितला गेला, म्हणून आम्ही त्याला दुसरीकडे नेले. एसजीपीटी १४०० च्या पुढे गेले होते आणि रक्त गोठण्यास वेळ लागत होता. तेथील डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणती गोळी बंद केलीत?" दादाने आधी माझ्याकडे पाहिले, आणि मग नाव सांगितले.

औषध त्याच दिवशी पुन्हा सुरू झाले. कावीळ पूर्ण उतरायला तीन महिने लागले.

त्यानंतर आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. दादा आणि काका म्हणतात की दोष बंद ओपीडीचा होता. तो होताच, आणि तो मी लहान करून सांगणार नाही. रोजच्या औषधावर जगणाऱ्या माणसाला 'तातडीचे नाही' म्हणणे हा वैद्यकीय निर्णयच चुकीचा होता. फोनवर प्रकृती विचारून एकदम तीन किंवा सहा महिन्यांची चिठ्ठी देता आली असती. एचआयव्हीच्या रुग्णांना एकदम अनेक महिन्यांची औषधे देण्याची पद्धत महामारीच्या आधीपासून कितीतरी देशांत होती. व्हायरल लोडच्या तपासण्या अडल्या त्यामागे निदान समजण्यासारखे कारण होते, कारण जीनएक्स्पर्टसारखी जी यंत्रे हिपॅटायटिस सीचा विषाणू मोजतात तीच कोविडच्या चाचण्यांसाठी लागत होती. गोळीची चिठ्ठी लिहायला मात्र कोणतेही यंत्र लागत नाही.

पण माझे म्हणणे असे की घरात आम्ही तिघे धडधाकट माणसे होतो, आणि आम्हांला गोळीचे खरे नाव माहीत असते तर आम्ही दहा दुकाने आणि चार डॉक्टर पालथे घातले असते. काका म्हणतात, घरात सांगितले असते तर सगळे त्याच्यापासून दूर राहिले असते. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला जातो. यातला शेवटचा मार्ग मला सर्वांत जास्त लागला. दादानंतर आम्ही सर्वांनी तपासणी केली, तेव्हा आईही पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे दादाला तो बहुधा जन्मतःच मिळाला होता, आणि सहा वर्षे त्याने जे लपवले त्यामुळे आईची सहा वर्षे तपासणीविना गेली. मी निगेटिव्ह होते आणि लशीचे तीन डोस घेऊन सुरक्षित झाले. तेही सहा वर्षे आधी होऊ शकले असते.

अर्भकपणी संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलांमध्ये हा आजार कायमचा राहतो, म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा डोस महामारीतही चुकता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २९.६ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी होता आणि त्यांतल्या जेमतेम दहांपैकी एकालाच ते ठाऊक होते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही लपवायचे ठरवले, तर डॉक्टर उघडे असूनही उपयोग नाही. कोविडमध्ये स्टेरॉइड किंवा टोसिलिझुमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देताना डॉक्टरांना हिपॅटायटिस बी माहीत असावाच लागतो, कारण या औषधांमुळे तो उसळू शकतो.

आता सीबद्दल. त्याचा उपचार आठ किंवा बारा आठवड्यांचा असतो आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण त्याने पूर्ण बरे होतात. सुरू केलेला कोर्स मध्ये तोडू नये. सुरूच झाला नसेल आणि सिरॉसिस (यकृत कायमचे कडक होऊन खराब होणे) नसेल, तर काही आठवड्यांचा उशीर सहसा चालतो. सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी मात्र करून घ्यावी, कारण सी गेल्यावर बी डोके वर काढू शकतो. हेही सांगायला हवे की मी डॉक्टर नाही, आणि बीच्या काही निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली, वारंवार रक्त तपासत थांबवतात. सिरॉसिस असलेल्यांनी मात्र हा विचारही करू नये.

दादाच्या आणि आईच्या चिठ्ठ्यांचे फोटो आता आम्हा सर्वांच्या फोनमध्ये आहेत, आणि घरात तीन महिन्यांच्या गोळ्या नेहमी शिल्लक असतात. काकांना हे फोटो ठेवणे अजूनही पटलेले नाही.