‘झिरो’ कोला आणि सकाळची वाढलेली शुगर

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५४. सहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेते, इन्शुलिन नाही. दोन महिन्यांपूर्वी साखरेची पेयं बंद केली. आता कॉफीत पुडीतलं स्वीटनर घालते आणि संध्याकाळी ‘झिरो’ कोला घेते. तरीही उपाशीपोटीची शुगर ११८ होती, ती १३० च्या आसपास गेली. मुलगी म्हणते, स्वीटनरनेच शुगर वाढते, तिने तसं वाचलंय. यजमान म्हणतात, डब्यावर शून्य लिहिलंय ना, मग हवं तेवढं पी. खरं कुणाचं?

उत्तर : यजमानांचं बरंचसं खरं आहे, मुलीचं थोडंसं. पण सकाळच्या आकड्याचं कारण त्या दोघांच्याही हाती लागलेलं नाही, असं मला वाटतं.

आधी यजमानांचं बघू. साखरेच्या कोलाच्या ३३० मिलीच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. ‘झिरो’त तिच्या जागी ॲस्पार्टेम, सुक्रालोज किंवा ॲसेसल्फेम असतं. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज सुमारे ६०० पट, म्हणून काही मिलिग्रॅममध्येच भागतं. ॲस्पार्टेम पचतं, पण त्यातून ग्लुकोज निघत नाही. सुक्रालोजचा मोठा भाग शोषलाच न जाता बाहेर पडतो. त्यामुळे नुसता ‘झिरो’ कोला प्यायल्यावर तासाभरात शुगर चढण्याचं कारण नाही. चढलीच, तर सोबत काय खाल्लं होतं ते आधी आठवा.

पुडीची गोष्ट थोडी वेगळी. चिमूटभराहूनही कमी स्वीटनर पुडीत भरता येत नाही, म्हणून बहुतेक पुड्यांत भर म्हणून डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. दोन्ही पिष्टमयच, आणि रक्तात झटकन उतरणारी. एका पुडीत ती ग्रॅमभरच असतात. त्याने काही बिघडत नाही, पण दिवसाला आठ-दहा पुड्या होत असतील तर त्या हिशेबात धरायला हव्यात. त्याहून जास्त विसरलं जातं ते दूध. २०० मिली दुधात जवळजवळ १० ग्रॅम दुग्धशर्करा असते. ‘बिनसाखरेची’ म्हणून दुधाळ कॉफीचे चार मोठे मग रिचवणारे रुग्ण माझ्यासमोर नेहमी बसतात आणि सगळा राग त्या बिचाऱ्या पुडीवर काढतात.

आता मुलीचं. तिने बहुधा इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या संशोधनाबद्दल वाचलं असावं. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं, की सॅकरिन हे स्वीटनर दिलेल्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू बदलतात आणि ग्लुकोज हाताळण्याची ताकद घटते. २०२२ मध्ये त्यांनी एरवी स्वीटनर न घेणाऱ्या १२० निरोगी माणसांवर दोन आठवड्यांचा प्रयोग केला. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्या गटांत ग्लुकोज प्यायल्यानंतरची शुगर आधीपेक्षा जास्त चढली. ॲस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटांत तसं ठळक दिसलं नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एकाच गटातही सगळ्यांचं सारखं झालं नाही. ज्याच्या त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंवर ते अवलंबून होतं. २०२० मध्ये येल विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात सुक्रालोजसोबत माल्टोडेक्स्ट्रिन दिल्यावर इन्शुलिनचा परिणाम मंदावला, नुसत्या सुक्रालोजने नाही. याउलट, काहीच फरक न आढळलेले प्रयोगही भरपूर आहेत. शिवाय वर सांगितलेली माणसं मधुमेही नव्हती.

‘डाएट पेयं पिणाऱ्यांना मधुमेह जास्त होतो’ ही बातमीही तिने वाचली असेल. तशी पाहणी झालेली आहे. पण डाएट पेयांकडे वळतं कोण? बहुतेकदा ज्यांचं वजन वाढलंय किंवा ज्यांच्या घरात मधुमेह आहे, तेच. मग पेयामुळे आजार झाला की आजाराच्या धास्तीने पेय हातात आलं, हे अशा पाहणीतून सुटत नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नयेत असं सुचवलं, तेव्हा ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मथळ्यांमधून नेमकं तेवढंच गळालं.

मग तुमची सकाळची शुगर? पहाटे यकृत स्वतःहून ग्लुकोज सोडतं. उशिराचं जेवण, अपुरी झोप, साधा संसर्ग, चुकलेली गोळी, यांपैकी काहीही तो आकडा वर नेतं. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय कॅफीनवर आहे. संध्याकाळचा कोला आणि दिवसभराची कॉफी झोप मोडते आणि कॅफीन स्वतःही इन्शुलिनचं काम काही तास मंदावतं. दुसरं, घरच्या ग्लुकोमीटरला १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते, म्हणजे ११८ आणि १३० हे एकाच थेंबाचे आकडे असू शकतात. मात्र रोज सकाळी १३० येत असेल तर शुगर खरंच वाढली आहे. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

पेयाचा निवाडा घरीच करता येईल. जेवणानंतर तीन-चार तासांनी, हात धुऊन (बोटाला फळाचा रस लागला असेल तरी आकडा फुगतो), शुगर बघा. नुसता कोला प्या, तासाभराने पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी पिऊन तेच करा. मग एकच जेवण एकदा पाण्यासोबत आणि एकदा कोलासोबत घ्या, पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. मीटरची चूक धरून हे दोन-तीनदा करा. गोळ्यांना हात लावू नका.

आणि ‘हवं तेवढं’ मला मान्य नाही. ॲस्पार्टेमची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम आहे. एका डब्याने तुम्ही तिच्या जवळपासही जात नाही, हे खरं. पण तहानेला पाणी पुरतं. एक डबा प्या, तोही दुपारीच.

प्रश्न : डब्यावर फेनिलकीटोन्युरियाचा इशारा असतो. तो मधुमेहींसाठी आहे का?

उत्तर : नाही. तो एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. ॲस्पार्टेममधून फेनिलॲलनिन निघतं, ते या रुग्णांच्या शरीरात साचतं. मधुमेहाशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : वडील इन्शुलिनवर आहेत. परवा त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, शुगर ६२ भरली. घाईत डाएट पेय दिलं, पण वीस मिनिटांनीही शुगर वर आली नाही. असं का?

उत्तर : कारण त्यात वर आणणारं काही नव्हतंच. अशा वेळी १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी : तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून, नाहीतर साधारण १५० मिली साखरेचंच पेय. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या, आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता लगेच दवाखान्यात न्या. ते अकार्बोज किंवा व्होग्लिबोजची (साखरेचं पचन लांबवणारी) गोळीही घेत असतील, तर साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. त्याची पुडी त्यांच्या खिशात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना ती दाखवून ठेवा.